घर आपलं, किल्ली कोणाची?

पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकायचं, लॅपटॉपला लावायचं, रीस्टार्ट करायचं... की झालं! सीनियर मंडळी असंच सांगतात. प्रत्यक्षात काय होतं? स्क्रीन काळी होते, कंपनीचा लोगो येतो आणि समोर हजर आपलं नेहमीचं विंडोज! जणू काही घडलंच नाही. दुसऱ्यांदा करून बघावं तर 'सिक्युरिटी व्हायोलेशन' असा काहीतरी दम भरला जातो. तिसऱ्यांदा कोणी करत नाही. पेन ड्राइव्ह फॉरमॅट होतो, त्यात पिक्चर भरले जातात आणि होस्टेलभर निकाल जाहीर होतो, "लिनक्स लई अवघड आहे बुवा!"

माझ्या मते हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. कारण तोपर्यंत लिनक्स सुरूच झालेलं नसतं. जे काही अडतं ते दारातच अडतं. आणि या दाराची ओळख आपल्याला चार वर्षांत कोणीच करून देत नाही.

पॉवरचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर. त्याला आपण अजूनही सवयीने 'बायोस' म्हणतो, पण आताच्या लॅपटॉपमध्ये त्याची जागा 'यूईएफआय'ने घेतली आहे. ते एका यादीप्रमाणे शोधत जातं की ऑपरेटिंग सिस्टीम कुठे आहे. यादीत हार्ड डिस्क वर आणि पेन ड्राइव्ह खाली असेल, तर विंडोजच येणार, त्यात नवल ते काय! ती यादी बदलायला कुठे एफ-१२, कुठे एफ-९, तर कुठे एस्केप दाबावं लागतं. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी.

दुसरी अडचण पेन ड्राइव्हची. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. फर्मवेअरला पेन ड्राइव्हवर ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक नावाची बूट फाइल सापडावी लागते. त्यासाठी रूफस किंवा व्हेंटॉयसारखं टूल वापरून तो नीट 'लिहावा' लागतो. इथपर्यंतच्या अडचणी अर्ध्या तासात सुटतात.

खरी गोम आहे ती तिसऱ्या ठिकाणी, 'सिक्युअर बूट' नावाच्या कुलपात.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि हे कुलूप घरोघरी पोहोचलं. कल्पना साधी आहे. ज्या बूट प्रोग्रॅमवर ओळखीची डिजिटल सही असेल, तोच फर्मवेअर चालू देणार. ओळखीची म्हणजे कोणाची? तर जवळजवळ प्रत्येक पीसीत मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेट्स आधीपासून बसवलेली असतात. म्हणून उबुंटू, फेडोरासारख्यांना 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागतो. तो शिम मग पुढच्या लिनक्सला आत घेतो. म्हणजे बघा, लॅपटॉप आपण विकत घेतलेला, लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, आणि गेटपास मात्र तिसऱ्याच्या सहीचा!

आता कोणी म्हणेल, हे कुलूप म्हणजे निव्वळ दादागिरी. मला तसं वाटत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्याही आधी आत शिरणारे व्हायरस खरोखर आहेत. २०२३ मध्ये 'ब्लॅकलोटस' उघडकीला आला. त्याने तर एका जुन्या त्रुटीचा फायदा घेऊन सिक्युअर बूट चालू असतानाही आत शिरकाव केला. तेव्हा दाराला कुलूप हवंच. माझा प्रश्न एवढाच आहे की किल्लीचा एक जोड घरमालकाकडे नको का?

विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने साध्या पीसी-लॅपटॉपसाठी अट घातली होती की सिक्युअर बूट बंद करण्याची सोय मालकाला दिलीच पाहिजे. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा ती सक्ती गेली आणि निर्णय कंपन्यांवर सोडला गेला. अजून बहुतेक लॅपटॉपमध्ये सोय आहे, पण ती मेहेरबानी आहे, हक्क नाही. फरक छोटा दिसतो, पण छोटा नाही.

परावलंबन म्हणजे काय ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनंतर जगभरातल्या अनेक ड्युअल बूट मशिनवरचं लिनक्स चालू होईना. स्क्रीनवर संदेश काय, तर 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग'! हेतू वाईट नव्हता, जुने धोकादायक बूटलोडर अडवायचे होते. पण लोकांनी लिनक्सला हातही लावलेला नव्हता आणि ते बंद पडलं.

या संदेशांचीही गंमतच आहे. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे शब्द सगळे कळतात; अर्थ मात्र शून्य! काय बिघडलं, कोणी अडवलं, पुढे काय करायचं, यातलं काहीच त्यात नसतं. तेव्हा मराठी मीडियमच्या मित्रांनो, "आमचं इंग्लिश कच्चं" म्हणून मागे राहू नका. इथे सगळे एकाच बाकावर आहेत.

मात्र एक सावधगिरी हवीच. माझ्या एका मैत्रिणीने सिक्युअर बूट बंद केलं आणि विंडोजने तिच्याकडे बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. आपली डिस्क एन्क्रिप्टेड आहे हेच तिला माहीत नव्हतं. की ठेवलेली असते मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, आणि ते अकाउंट लॅपटॉप चालू करून देताना दुकानदारानेच उघडलेलं! सेटिंग पूर्ववत केल्यावर विंडोज उघडलं म्हणून निभावलं, नाहीतर तिचा मिनी प्रोजेक्ट गेलाच होता. पुन्हा तोच प्रश्न. घर आपलं, किल्ली कोणाची?

"पण एवढा खटाटोप कशाला? विंडोज आहे की!" हा आक्षेप मी रोज ऐकते. त्याला माझं उत्तर घराघरात पडून आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते आणि ठरावीक पिढीच्या पुढचाच प्रोसेसर लागतो. म्हणजे दादाने वापरलेला, ताईने वापरलेला आणि आता धाकट्याच्या वाट्याला आलेला चांगला चालता लॅपटॉप कागदोपत्री म्हातारा ठरला. अशा मशिनवर हलकंसं लिनक्स झकास चालतं. नवीन लॅपटॉपसाठी ज्यांना घरी पैसे मागणं जड जातं, त्यांच्यासाठी ते पेन ड्राइव्ह बूट होणं न होणं म्हणजे लॅपटॉप असणं की नसणं. ज्याला दार उघडता येत नाही तो मशीन भंगारात देतो, एवढा साधा हिशोब आहे.

म्हणून माझी मागणी आहे की पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फाइलिंग आणि वेल्डिंगच्या जोडीला हे एक प्रॅक्टिकल हवं. आधी रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून घ्यायची. मग आयएसओचा चेकसम तपासायचा, पेन ड्राइव्ह तयार करायचा आणि 'लाइव्ह' मोडमध्ये लिनक्स चालवून बघायचं. लाइव्ह मोडमध्ये, तुम्ही स्वतः इन्स्टॉल करायला सांगत नाही तोवर, हार्ड डिस्कवरच्या डेटाला धक्का लागत नाही. शेवटी फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट कुठे आहे, कोणाच्या किल्ल्या आहेत, ते डोळ्यांनी बघायचं. दोन तासांचं काम! पुढे लिनक्स शिकायला आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर मराठीतून धडे आहेत, तेही फुकट.

आणि नवा लॅपटॉप घेताना रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, हे विचारतो तसं आणखी एक विचारा: "यात सिक्युअर बूट मला बंद करता येईल का? माझी किल्ली घालता येईल का?" दुकानदार चक्रावेल. चक्रावू दे! दहा जणांनी विचारलं की अकराव्याला त्याच्याकडे उत्तर तयार असेल.

तुम्ही विंडोजच वापरा, माझी काही हरकत नाही. पण ते दुसरं दार उघडता आलं नाही म्हणून नको, स्वतः निवडलं म्हणून वापरा. इंजिनीअर म्हणवून घ्यायचं तर निदान आपल्याच घराच्या कुलपाला घाबरू नये!