पंधरा-पंधरा रुग्णांवर निष्कर्ष नको

दंत महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. एमडीएसची मुलं सिनॉप्सिस घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, दोन गटांत पंधरा-पंधरा पेशंट चालतील ना?" पंधराच का, असं विचारलं की उत्तर मिळतं, सीनियरच्या थिसिसमध्ये तेवढेच होते.

जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यात हा आकडा फार घातक ठरतो. हे दुखणं चढतं, उतरतं, अनेकांचं आपोआपही कमी होतं. रुग्ण दवाखान्यात येतो तो त्याचा त्रास टिपेला पोचल्यावर. मग स्प्लिंट द्या, सांधा धुवा, पीआरपीचं (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट-युक्त द्रवाचं) इंजेक्शन द्या किंवा नुसता धीर द्या, महिन्याभरानं आकडे सुधारलेलेच दिसतात. यात उपचाराचा वाटा किती, हे मूठभर रुग्णांवरून कळत नाही.

हिशेब करून पाहा. वेदना 0 ते 100 च्या पट्टीवर मोजली आणि प्रमाण विचलन 20 गुण धरलं. दोन उपचारांतला 10 गुणांचा फरक हुकू नये, याची 80 टक्के खात्री हवी असेल, तर प्रत्येक गटात सुमारे 64 रुग्ण लागतात. पाचातला एक मध्येच यायचा थांबेल असं धरलं, तर 80. पंधरा-पंधरांत जेमतेम 20 गुणांचा फरक हाती लागतो. त्याहून लहान, पण रुग्णाला जाणवणारा फायदा निसटतो आणि थिसिसमध्ये लिहिलं जातं, 'दोन्ही उपचार सारखेच'. ते सिद्ध झालेलंच नसतं.

धोक्याचा हिशेब तर आणखी कठोर आहे. 30 जणांत एकालाही अपाय झाला नाही, तरी खरं प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत असू शकतं. 1980च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यात प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या चकत्या बसवल्या गेल्या. माणसांवर पुरेशी, दीर्घकाळ चाचणी झालेली नव्हती. चावण्याच्या दाबानं त्या झिजल्या, त्यांच्या कणांमुळे भोवतालचं हाड खाल्लं गेलं. त्या बाजारातून काढेपर्यंत हजारो रुग्णांच्या जबड्यात बसलेल्या होत्या.

मी मुलांना दोष देत नाही. तीन वर्षांत एका ओपीडीतून, काटेकोर निकषांत बसणारे 160 रुग्ण मिळवायचे कुठून? अमेरिकेतल्या 'ऑपेरा' अभ्यासानं चार केंद्रं जोडून, जबड्याच्या सांध्याचा विकार नसलेले 3263 लोक निवडले. त्यांतल्या 2737 जणांचा पाठपुरावा झाला आणि नव्यानं विकार जडलेले निघाले 260. एका कॉलेजच्या आवाक्यातलं हे काम नव्हतंच.

आपल्याकडेही चार-पाच दंत महाविद्यालयांनी एकच प्रश्न घ्यावा, या विकाराचे 2014 चे निदान-निकष सर्वांनी वापरावेत, नोंदी एकत्र कराव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं आपला भाग थिसिस म्हणून लिहावा. विद्यापीठानं याला मुभा द्यावी. रुग्ण मजुरी बुडवून, एसटीनं येऊन सांध्यात सुई टोचून घेतात. ज्यातून काही कळणारच नाही अशा अभ्यासासाठी त्यांना बोलावणं मला अनैतिक वाटतं. म्हणून एथिक्स कमिट्यांना माझी विनंती आहे: रुग्णसंख्येचं गणित जोडलेलं नसेल, तर तो प्रस्ताव परत पाठवा.