जुनी सांधेदुखी आणि उष्ण पाण्याचा शेक

खामगाव, मलकापूर, चिखली येथील बाजारपेठांत व्यापाऱ्याचा दिवस सकाळी गादीवर सुरू होतो आणि रात्री हिशेब मिटल्यावरच संपतो. एकाच बैठकीत तासन्‌तास गेल्याने कंबर आखडते, गुडघे धरतात. घरातील ज्येष्ठांना तर ४८ मिनिटांच्या सामायिकानंतर भिंतीचा आधार घेऊन उठावे लागते. मग वेदनाशामक गोळी रोजची होते. वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतलेल्या अशा गोळ्यांनी जठरात व्रण होण्याचा व मूत्रपिंडास अपाय होण्याचा धोका असतो.

या दुखण्यावर उष्ण जलाचा उपचार प्राचीन आहे. चरकसंहितेतील स्वेदनाच्या १३ प्रकारांत ‘अवगाह’, म्हणजे उष्ण द्रवात बसणे, हा एक प्रकार आहे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील उनपदेवच्या गरम झऱ्यावर लोक आजही स्नानासाठी जातात. घरी मात्र त्यासाठी मोठा टब लागत नाही. उन्हाळ्यात पाणी जपून वापरणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात अर्धी बादली गाळलेले पाणीही पुरते.

उबेने रक्ताभिसरण वाढते, स्नायू सैल होतात आणि आखडलेपणा कमी होतो. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही. आराम काही काळच टिकतो. म्हणून शेकानंतर लगेच अंथरुणावर न पडता त्या वेळेचा उपयोग हालचालीसाठी करावा.

पावलांसाठी पोटऱ्या बुडतील इतके पाणी बादलीत घ्यावे. गुडघा किंवा कंबर दुखत असल्यास उष्ण पाण्यात पिळलेला जाड टॉवेल ठेवावा. पाणी ३८ ते ४० अंश सेल्सियस असावे आणि अवधी १५ मिनिटांचा. त्यानंतर अंग कोरडे करून खुर्चीवर बसावे. एक पाय समोर सरळ करून पाच सेकंद धरावा व खाली घ्यावा. असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी वेळेचा विशेष विचार करावा. उष्ण स्नानाने घाम येतो आणि नंतर पाणी पिणे आवश्यक ठरते. त्यामुळे स्नान सूर्यास्तापूर्वी पुरेशा अवकाशाने उरकावे. उपवासाच्या दिवशी, विशेषतः अठ्ठाईसारख्या तपात, दीर्घ उष्ण स्नान टाळावे. रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा संभव असतो.

सर्वांत अधिक दक्षता मधुमेहींनी घ्यावी. पावलांची संवेदना मंदावलेली असल्यास पाणी पोळते आहे हे कळत नाही आणि साध्या शेकातून चिघळणारी जखम होते. अशांनी वैद्यकीय सल्ल्याविना पाय उष्ण पाण्यात बुडवूच नयेत. अनुमती असली तरी पाण्याचा अंदाज घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपर बुडवून घ्यावा. हृदयविकार, गर्भावस्था किंवा रक्तदाबाची औषधे चालू असताना प्रथम वैद्यांना विचारावे. सांधा लाल, गरम व सुजलेला असेल किंवा ताप असेल, तर शेक न देता तपासणी करावी. गॅसचा गिझर असलेल्या न्हाणीघरात हवा खेळती ठेवावी. बंद जागेत साचणारा विषारी वायू प्राणघातक ठरतो.

शेकाने दुखणे हलके झाले, तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ती कमी करता येईल का, हे वैद्यांनाच विचारावे.