उत्तर आलं, आता मोजून पाहा!

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, दशांश भागाकार शिकवताना हॅम रेडिओच्या अँटेनाचं उदाहरण जरूर घ्या. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार किती लागेल? १५० ÷ ७.१ = २१.१३ मीटर. प्रत्यक्षात तार साधारण ५ टक्के कमी लागते, म्हणून १५० ऐवजी १४३ घेतात. उत्तर येतं २०.१४ मीटर. तेही अंतिम नाहीच! जमिनीपासूनची उंची, जवळचे पत्रे यांनी फरक पडतो. म्हणून जाणकार तार थोडी लांबच ठेवतात, वर टांगून एसडब्ल्यूआर मीटरने तपासतात आणि दोन्ही टोकांकडून सारखी, थोडी थोडी कमी करतात. आपण मात्र उत्तराखाली दोन रेघा मारून वही मिटायला लावतो. माझं स्पष्ट मत आहे, "उत्तर बरोबर आलं का?" एवढ्यावर थांबू नका. "मोजून पाहिलंस का?" हेही मुलांना विचारा.