डोस पूर्ण, तरीही ताप? आधी लघवी तपासा




“सगळे डोस झाल्यात ओ डॉक्टर, एक बी चुकवला नाही. मग ताप कशाचा?”

गेल्या महिन्यात एका आजींनी मला हे विचारलं. मांडीवर पाच महिन्यांची नात. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं लसीचं कार्ड, त्यावर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे सगळे रकाने भरलेले. त्याच पिशवीत सेफिक्झिम या अँटिबायोटिकची अर्धी झालेली बाटली होती, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली. तापाचा तिसरा दिवस होता. दुकानदाराने सांगितलं होतं, दात येत असतील.

पोर मलूल होती, दूध ओकत होती. छाती साफ, घसा साफ, कान ठीक. म्हणून लघवी तपासायची ठरवली. आमच्या सिस्टरनी जागा पाण्याने स्वच्छ धुतली, आईने बाळाला उचलून धरलं आणि सिस्टर निर्जंतुक बाटली हातात घेऊन समोर बसून राहिल्या. पंचवीस मिनिटांनी धार आली. सूक्ष्मदर्शकाखाली पस सेलच पस सेल. उरलेली लघवी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी, जिल्ह्याला पाठवली. रिपोर्ट आला: ‘जंतूंची वाढ नाही.’ वाढ होणार कुठून? सेफिक्झिमचे चार डोस आधीच पोटात गेले होते. लघवीत पू आहे, पण जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे कळायची वाट बंद झाली होती. पोरीला दाखल करून अंदाजानेच इंजेक्शनं दिली. ती बरी झाली. पण तो अंदाज होता, आणि पाच महिन्यांच्या मुलीच्या किडन्या अंदाजावर सोडाव्या लागल्या याचा मला अजून राग येतो.

आजींचा प्रश्न मात्र रास्त होता आणि त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं. कारण हाच प्रश्न दोन उलट्या दिशांनी कानावर येतो. कुणी म्हणतं, लस घेतली आहे, आता घाबरायचं कारण नाही. कुणी म्हणतं, लस घेऊनही ताप येतो, मग टोचायचं कशाला? कोणती लस कोणत्या जंतूला अडवते हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून दोघंही फसतात.

दुसऱ्या मंडळींना आधी सांगतो. मी या गावात दवाखाना थाटला तेव्हा मुलांच्या मेंदूज्वराचं मोठं कारण होतं हिब नावाचा जंतू. पाठीतलं पाणी काढलं की ते स्वच्छ पाण्यासारखं यायला हवं. यायचं ताकासारखं गढूळ. त्यातून वाचलेल्या एका मुलाची आई दोन महिन्यांनी परत आली. त्याच्यामागे उभं राहून थाळी वाजवली तरी पोर वळून बघत नव्हतं. हिबची लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतून डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली आणि मग टप्प्याटप्प्याने देशभर पोचली. न्यूमोकोकस या दुसऱ्या जंतूवरची लस, म्हणजे पीसीव्ही, सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आली आणि २०२१ मध्ये सगळीकडे. आता ती पुण्यातच तयार होते. ताकासारखं पाणी मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. लसीवर शंका घेणाऱ्याने त्या आईला एकदा भेटावं.

पण हिबची लस हिबलाच अडवते. आपल्याकडची पीसीव्ही न्यूमोकोकसचे दहा प्रकार अडवते, त्याचे ज्ञात प्रकार शंभराच्या घरात आहेत. आणि बाळाच्या लघवीत पू करणारा नेहमीचा जंतू ई. कोलाय, तो या दोन्ही लसींच्या यादीत नाहीच. तो आतड्यात राहतो, लंगोटातून वर चढतो.

दुसरी गोष्ट वयाची. न्यूमोकोकसचा आणि हिबचा पहिला डोस दीड महिन्याला. म्हणजे महिनाभराचं बाळ या आजारांपुरतं बिनलशीचंच. नवजात बाळांचे जंतू तर वेगळेच असतात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा अभ्यास झाला. त्यात सर्वांत जास्त सापडले अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय. आपल्या कार्डावरची एकही लस या तिघांना अडवत नाही, आणि त्यांतले बरेच जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद देत नव्हते.

अमेरिकेत न्यूमोकोकसची लस २००० साली सुरू झाली. त्यानंतर तीन महिन्यांवरच्या, डोस घेतलेल्या, हसत्याखेळत्या पण तापलेल्या मुलांच्या रक्तात जंतू सापडण्याचं प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं. तिथल्या डॉक्टरांनी अशा मुलांचं सरसकट रक्त काढणं सोडलं. लघवी तपासणं मात्र सोडलं नाही. तीन महिन्यांच्या आतल्या तापलेल्या बाळांत गंभीर जंतुसंसर्ग अजूनही साधारण दहातल्या एकाला निघतो, आणि त्यातला बहुतेक लघवीतलाच असतो. लसीने आजारांची यादी बदलली, तशी तिथली तपासणी बदलली. आपण लस आणली आणि सवय जुनीच ठेवली: ताप आला की बाटली.

माझे काही व्यवसायबंधू म्हणतील, मूल तापलंय, गाव वीस किलोमीटरवर, शेवटची एसटी सुटायची वेळ, औषध न देता कसं पाठवू? पाठवू नका. औषध जरूर द्या, पण नमुना आधी घ्या. बाळ गुंगीत असेल, दूध ओढत नसेल, श्वास धापेचा असेल, तर नमुन्यासाठीही थांबू नका, इंजेक्शन देऊन पुढे धाडा. पण जिथे अर्धा तास हातात आहे, तिथे तो अर्धा तास बाटली धरून बसण्यात घालवायलाच हवा. आमची सिस्टर बसते, तर कुणालाही बसता येईल.

औषधाच्या दुकानांबद्दलही बोलायलाच हवं. सेफिक्झिम हे शेड्यूल एच-१ मधलं औषध आहे. १ मार्च २०१४ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि विकलं तर रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या दुकानांतली ती रजिस्टरं एकदा उघडून बघावीत.

आणि आरोग्य खात्याकडे एक मागणी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात लहान मुलांच्या लघवीच्या कल्चरची सोय करा, निदान नमुना पुढे पाठवण्याची तरी. लघवी थंड ठेवली तर कल्चरसाठी दिवसभर टिकते. लसीच्या फ्रिजमध्ये नमुने ठेवू नयेत हे मलाही ठाऊक आहे. वेगळी बर्फाची पेटी द्या. क्षयरोगाच्या थुंकीचे नमुने गावातून तपासणी केंद्रावर जातातच. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जिथे रस्ता धड नव्हता तिथे एवढं जमलं, तर तालुक्याहून जिल्ह्याला एक बाटली पोचवणं अशक्य मानायला मी तयार नाही.

आई-आजींना एवढीच विनंती: कार्डावरचा एकही डोस चुकवू नका, नवव्या महिन्याचा पीसीव्हीचा तर मुळीच नाही. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर डोस झालेले असोत वा नसोत, सकाळ होण्याची वाट बघू नका. त्याच रात्री डॉक्टरांकडे न्या. घरातली किंवा शेजारणीने दिलेली अँटिबायोटिकची बाटली उघडू नका, आणि आम्हा डॉक्टरांना न लाजता विचारा: लघवी तपासली का?

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ