छापील चित्रांची लाज कशाला?

परदेशवाऱ्या वाढल्यापासून आपल्या मंडळींत एक नवी रसिकता उदयास आली आहे. ‘लिओनार्दो, मायकेलँजेलो, राफाएल पाहावेत ते पॅरिस, रोम, फ्लॉरेन्सला जाऊनच, छापील प्रत म्हणजे निव्वळ कॅलेंडर,’ असा तिचा दावा असतो. वाचनालयाच्या भिंतीवर चार चांगल्या प्रतिकृती लावाव्यात, अशी सूचना कोणी केली की याच शेऱ्यानिशी ती निकालात काढली जाते. आम्हांस हा दावा मुळीच मान्य नाही. कलेचा इतिहासच त्याच्या विरोधात साक्ष देतो.

प्रबोधनकाळातील चित्रकला युरोपभर पसरली ती बव्हंशी छापील कागदावरूनच. ड्यूररने १४९८ मध्ये ‘अपोकॅलिप्स’ ही काष्ठठशांची मालिका प्रसिद्ध केली. त्याची पत्नी आग्नेस त्याची ठसाचित्रे फ्रँकफुर्टच्या बाजारजत्रेत नेऊन विकत असे. राफाएलने तर मार्कान्तोनिओ राइमोंदी या ताम्रपटावर कोरणाऱ्या कलावंतास हाताशी धरून आपल्या रचना छापविल्या. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याच्या निवाड्याचा प्रसंग त्यांपैकीच एक. राफाएलचे त्यासाठीचे मूळ रेखाटन आज उपलब्ध नाही. ठसाचित्र मात्र उरले. त्यातील कोपऱ्यातल्या तीन आकृतींची बैठक फ्रेंच चित्रकार माने याने १८६३ मधील आपल्या गाजलेल्या ‘गवतावरील न्याहारी’ या चित्रासाठी उचलली. राफाएलला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपणांस का वाटावी?

‘अस्सल ते अस्सल’ असेही ऐकविले जाते. मिलानमधील लिओनार्दोच्या ‘अंतिम भोजना’चे (१४९५-९८) रंग काही दशकांतच झडू लागले. १६५२ मध्ये त्या भिंतीत दार पाडताना येशूची पावलेच नाहीशी झाली. ती पाहायची तर जांपिएत्रिनोने सुमारे १५२० मध्ये केलेल्या प्रतिकृतीसारख्या जुन्या नकलांकडेच वळावे लागते. १९९९ मध्ये पुऱ्या झालेल्या जीर्णोद्धारातही तिचा आधार घेतला गेला. मूळ भिंतीसमोर प्रेक्षकास मिळतात जेमतेम पंधरा मिनिटे. घरच्या भिंतीवरील प्रत मात्र सावकाश उलगडते. यहूदाच्या मुठीतली थैली आज दिसते, थोमाचे वर उचललेले बोट वर्षभराने.

निदान आपल्या घराण्यांनी तरी असे नाक मुरडू नये. राजा रविवर्मा यांना आपली चित्रे छापून घेण्याची सूचना करणारे सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेले. पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत विराजमान झाल्या. ‘मूळ चित्र कोठे आहे?’ असे आपल्या आज्यांनी कधी विचारले नाही. चित्राकडे रोज पाहण्याची सवय त्या छापील तसबिरींनीच आपल्याला लावली.

प्रतिकृती म्हणजे मूळ कृती नव्हे, हे आम्हीही जाणतो. सिस्टाइन प्रार्थनागृहाचे सुमारे ४० मीटर लांबीचे छत कागदावर मावणार नाही. पण ‘मोनालिसा’ अवघी ७७ बाय ५३ सेंटिमीटरची. ती मूळ आकारात कोणाच्याही बैठकीत सामावेल. आमचा आग्रह इतकाच, की प्रत पारखून घ्यावी. रंग भडक केलेली, कडा छाटलेली, सोफ्याशी जुळते म्हणून निवडलेली प्रत नको. ती उन्हापासून दूर लावावी आणि खाली चित्रकाराचे नाव, साल, मूळ आकार व ठिकाण लिहावे. एवढे केले, तर शाळकरी मूलही त्या भिंतीपाशी थबकेल.

ज्यांना विमानाचे तिकीट परवडते त्यांनी रोमला अवश्य जावे. मात्र परतल्यावर, ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या भिंतीवरचे चित्र उतरवू नये.