लाल दिवा जोडल्याशिवाय गाडी सोडू नका

पावसाळ्याआधी माझ्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क बसवून घेतल्या. सोबत बूस्टर आणि नवा मास्टर सिलिंडर आला. ब्रेक झकास लागू लागले. चार महिन्यांनी बॉनेट उघडलं, तेव्हा ब्रेक ऑइलच्या टाकीच्या टोपणातून निघालेल्या दोन वायरी काळ्या टेपमध्ये गुंडाळून बूस्टरमागे खोचलेल्या दिसल्या. गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, "त्याची काय गरज? ब्रेक लागतोय ना?" त्याला तिथे जे सांगितलं, तेच इथे मुद्द्यांत मांडतो.

१. गरज आहे, आणि डिस्क बसवल्यावर ती वाढते. त्या टोपणाखाली फ्लोट असतो. ऑइल कमी झालं की फ्लोट उतरतो, स्विच जुळतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो. ड्रममध्ये लायनर झिजले की पेडल खाली जातं, पायाला कळतं, मेस्त्री अॅडजस्ट करून देतो. डिस्कमध्ये पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं. पेडल जवळपास होतं तिथेच राहतं. उतरत असते ती टाकीतली पातळी, आणि ती बघायला रोज बॉनेट कोण उघडतो?

२. जुन्या जीपला ब्रेकची एकच लाइन असायची. कुठेही पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. नव्या टँडम मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळ्या लाइनी असतात; एक गेली तरी दुसरी धरते. पण दिवाच नसेल तर गळती सुरू झाल्याचं कळणार कसं? गावात, सपाट रस्त्यावर, माणूस पेडल जरा जास्त दाबून चालवत राहतो. ताम्हिणी उतरताना, गाडीत सहा माणसं असताना, तो अर्धा ब्रेक पुरत नाही. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी लाइन सक्तीची झाली, तेव्हा बिघाड सांगणारा लाल दिवाही तिच्याबरोबरच सक्तीचा झाला. आपण किट घेतो आणि त्यातला दिवा तेवढा वगळतो.

३. काम अर्ध्या तासाचं आहे. दिव्याच्या एका टोकाला फ्यूजमधून चावीचा करंट द्यायचा. दुसऱ्या टोकाची वायर टोपणाच्या एका पिनला जोडायची, दुसरी पिन बॉडीला अर्थ करायची. हँडब्रेकचा स्विचही त्याच वायरवर घ्यायचा. मग एकच दिवा दोन्ही कामं करतो, आणि हँडब्रेक ओढला की बल्ब शाबूत आहे हेही रोज दिसतं. जुन्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर दिवाच नसेल तर बारा व्होल्टचा वेगळा लाल दिवा नजरेसमोर बसवावा.

४. "मागचे ब्रेक लाइट लागतात की!" हे उत्तर नाही. ते मागच्या गाडीसाठी असतात.

५. दिवा लागला म्हणून नुसतं ऑइल ओतून तो विझवू नये. आधी पॅड पाहावेत, मग चाकांच्या आतल्या बाजूला आणि पाइपच्या जोडांवर ओल आहे का ते पाहावं.

६. हा माझ्या गाडीपुरता प्रश्न नाही. पुढे चालणाऱ्या शाळकरी पोराने माझं गॅरेज निवडलेलं नसतं. म्हणून ब्रेक बदलणाऱ्या गॅरेजने बिलावर 'दिवा जोडला, तपासला' असं लिहून द्यावं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि नंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. त्या पासिंगच्या वेळी आरटीओच्या निरीक्षकांनी हा दिवा लावून पाहावा. एक मिनिट लागतं.

तुम्हीही उद्या सकाळी पाहा. गाडी सपाटीवर गिअरमध्ये उभी करा, हँडब्रेक सोडा, चावी ऑन करा आणि टाकीचं टोपण वायरीसकट वर उचला. फ्लोट खाली लोंबला की लाल दिवा लागला पाहिजे. नाही लागला, तर गाडी त्याच दिवशी वायरमनकडे न्या.