परदेशी पाहुणा आणि आपल्या इतिहासाची रुजवात

सप्टेंबर महिन्याच्या उत्तरार्धात, अवघ्या सहा दिवसांच्या अंतराने, आमच्या या भागाच्या वाट्याला दोन स्मरणदिन येतात. १९४८ साली निजामी अंमल संपून हा मुलूख भारतीय संघराज्यात दाखल झाला, म्हणून १७ तारखेला गावोगाव ध्वज उभारला जातो. २३ तारीख मात्र तितक्या गाजावाजाने येत नाही. आणि तरीही १८०३ साली त्याच दिवशी, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गावापाशी जी लढाई झाली, तिने दक्षिणेच्या राजकारणाचे पारडे फिरविले आणि आमच्या जिल्ह्यातील एका लहान खेड्याचे नाव विलायतेच्या लष्करी इतिहासात कायमचे नोंदविले. अजिंठ्याच्या लेण्यांसाठी देशोदेशींचे प्रवासी या टापूच्या कडेने जातात. त्यांपैकी एखादा वाट वाकडी करून असईला किंवा हिरव्या मिरचीच्या बाजारामुळे नावारूपाला आलेल्या आमच्या पिंपळगाव रेणुकाईला आला आणि 'हा मुलूख कोणाचा, येथे काय घडले' असे त्याने विचारले, तर त्याला आपण काय सांगणार, हा प्रश्न वाटतो तितका साधा राहिलेला नाही.

तो साधा राहिलेला नाही, याचे कारण असे की आपला इतिहास आपल्या घरातच वादग्रस्त झाला आहे. शहरांची नावे, थडगी, पुतळे आणि पाठ्यपुस्तकांतील परिच्छेद यांवरून रस्त्यावर उतरण्याची आपली तयारी असते, पण त्याच गोष्टींविषयी अस्सल कागद कोणता, तो कोणी लिहिला व केव्हा लिहिला, हे पाहण्याची सवय मात्र क्षीण होत चालली आहे. अशा अवस्थेत परक्याला देशाची ओळख करून देताना आपण दोहोंपैकी एका चुकीत सापडतो: एकतर अडचणीचे सारे झाकून त्याच्यापुढे निव्वळ गौरवाचे ताट मांडतो, किंवा आपली भांडणे त्याच्यापुढे फिर्यादीसारखी मांडून त्याने आपल्या बाजूने निवाडा द्यावा अशी अपेक्षा करतो. आमचे मत असे आहे की देशाची खरी ओळख पुराव्यानिशी आणि वादांसकट करून द्यावी. जे शाबीत आहे ते ठामपणे सांगावे, जे वादात आहे ते वादात आहे असे सांगावे, आणि हे दोन्ही सांगण्याचे धैर्य हाच स्वाभिमानाचा पहिला दाखला मानावा.

असईचेच उदाहरण घेऊ. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहनाम्याने इंग्रजांचे संरक्षण पत्करले, आणि ते मान्य नसलेले दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्याशी कंपनी सरकारचे युद्ध जुंपले. पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झालेला आर्थर वेलस्ली हा त्या वेळी दक्षिणेतील इंग्रजी फौजेचा सेनापती होता. उतारवयात आपल्या सर्वांत चांगल्या लढाईविषयी विचारले असता त्याने असईचेच नाव घेतले. इंग्रजी वृत्तान्त वाचणाऱ्या पाहुण्यास एवढे ठाऊक असते. त्याला सहसा ठाऊक नसते ते असे, की वेलस्लीच्या पायदळाचा मोठा भाग मद्रासकडील देशी शिपायांचा होता आणि त्याच्याबरोबर म्हैसूरचे व खुद्द पेशव्यांचे घोडदळ होते. उलट शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या हॅनोव्हरकडील जर्मन अंमलदाराच्या हुकमतीखाली लढत होत्या. म्हणजे ज्या लढाईस आपण एका श्वासात 'मराठे विरुद्ध इंग्रज' म्हणतो, तिच्या दोन्ही अंगांना परके होते आणि दोन्ही अंगांना आपले होते. आजही भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर असईच्या स्मरणाचा हत्ती विराजमान आहे, आणि त्याच सेनेत मराठा लाइट इन्फन्ट्रीही सन्मानाने उभी आहे; ही गुंतागुंत लपविण्याजोगी मुळीच नाही, समजावून सांगण्याजोगी आहे.

या लढाईच्या कागदपत्रांतील एक गोष्ट मात्र प्रत्येक पाहुण्याच्या कानी घातली पाहिजे. कंपनीच्या बाजूस ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, असा नेमका तपशील गोरे-देशी असा वेगळाला लावून दप्तरात ठेवला गेला. शिंदे-भोसल्यांच्या बाजूस रणांगणावर पडलेल्यांचा आकडा आपण सांगतो तो बाराशेच्या आसपास, आणि तोही वेलस्लीचा अदमास होय. ज्या गोलंदाजांनी आपल्या तोफांपाशी उभे राहून प्राण दिले, ज्यांचा मारा इतका प्रखर होता की जिंकणाऱ्या फौजेचा तिसरा हिस्सा ठार वा जखमी झाला, आणि ज्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या, त्यांची मोजदाद शत्रूने अंदाजाने करावी आणि आपण ती तशीच उचलावी, यात त्या युद्धाचे खरे दुःख आहे. हे दुःख घोषणांनी शमत नाही. शिंदेशाही दप्तरांतून, हैदराबादच्या अभिलेखांतून आणि घराण्यांच्या रुमालांतून कागद शोधूनच त्या मृतांचे ऋण फेडता येईल.

येथेच एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले असताही, केळनेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड अशी दोन गावे वेलस्लीला दिसली, आणि समोरासमोरच्या वस्त्यांत ये-जा असणार व ये-जा म्हटली की उतार असणार, असे ताडून त्याने फौज पार नेली, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. ती ऐकून 'ते पिंपळगाव आमचेच' असे पाहुण्यास सांगून टाकणे किती सोपे आहे! पण पिंपळगावे महाराष्ट्रात ठायी ठायी आहेत, आणि नावाचे साम्य हा पुरावा नव्हे. रेणुकामातेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावाला उसन्या प्रसिद्धीची गरज नाही. हा संयम गावापुरता क्षुल्लक दिसतो, परंतु राष्ट्राच्या इतिहासातील बहुतेक खोट्या कथा अशाच एखाद्या सोयीच्या साम्यातून जन्माला आलेल्या असतात.

१७ सप्टेंबरची कथा याहून नाजूक आहे, कारण तिच्या जखमा अजून ताज्या आहेत. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, पण आमच्या वाडवडिलांना आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. निजामाची पाठराखण करणाऱ्या कासीम रझवीच्या सशस्त्र रझाकारांनी त्या अवधीत केलेले जुलूम, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने दिलेला लढा आणि त्यात हिंदूंच्या बरोबरीने अत्याचाराला विरोध करणारे मुसलमानही होते, हे सारे सांगितलेच पाहिजे. शोएबुल्लाखान या तरुण संपादकास रझाकारीविरुद्ध लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ठार मारण्यात आले, हे पत्रव्यवसायातील कोणालाही विसरता येणार नाही. पण त्याच श्वासात हेही सांगितले पाहिजे की निजामी अंमल संपविणाऱ्या भारतीय लष्करी कारवाईनंतरच्या दिवसांत हैदराबाद संस्थानाच्या अनेक भागांत निरपराध मुसलमान रयतेवर सूड उगविला गेला, त्याची पाहणी करण्यास केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली आणि तिचा अहवाल कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. मुक्तीचा आनंद आणि त्या पाठोपाठची वेदना एकमेकींस खोडून काढीत नाहीत. उलट दोन्ही सांगणाऱ्याच्या शब्दावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

आणि सांगण्याजोगे केवळ युद्धांचेच नाही. आज ज्याला आपण भोकरदन म्हणतो त्या प्राचीन भोगवर्धनाच्या रहिवाशांनी दिलेल्या देणग्यांचे लेख सांची व भरहुत येथील स्तूपांवर कोरलेले आहेत. येथील उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिच्याशी निकटचे साम्य असलेली दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडली. ती लक्ष्मी की यक्षी, याविषयी पंडितांत मतभेद आहेत, आणि ते मतभेद ग्रंथांतून चालू आहेत. त्यासाठी कोणी कोणाचे डोके फोडलेले नाही. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने महाराष्ट्रातील लोक उपकार न विसरणारे आणि अपमान सहन न करणारे आहेत अशी नोंद केली. परक्याच्या लेखणीतून आलेली ही ओळख आपण आवडीने सांगतो. आणि ज्या हिरव्या मिरचीवर आमच्या बाजाराचा दबदबा आहे, तिचे मूळ अमेरिका खंडात असून ती पोर्तुगिजांच्या गलबतांतून या देशात आली. परदेश आमच्या मातीला अपरिचित कधीच नव्हता.

परक्याने आपल्याविषयी चुकीचे लिहिले तर काय करावे, याचेही दोन नमुने महाराष्ट्राने पाहिले आहेत. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातील उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने १८६७ साली पुण्यात निबंध वाचून एकेक करून दाखविल्या, आणि त्या वाटेने पुढे इतिहाससंशोधक राजवाडे यांचे साधनखंड १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागले व १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. एका परकीय ग्रंथाला दिलेले उत्तर म्हणजे मराठी इतिहाससंशोधनाची सारी परंपरा होय. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वादही याच परंपरेत जेधे शकावलीसारख्या साधनांच्या चिकित्सेने लढविला गेला. दुसरा नमुना ५ जानेवारी २००४ चा आहे. जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाच्या पुस्तकातील मजकुराने महाराष्ट्राचे मन रास्तपणे दुखावले होते. इतिहासज्ञांनी लेखी निषेध केला होता आणि प्रकाशकाने पुस्तक मागेही घेतले होते. म्हणजे लेखणीने आपले काम बजावले होते. त्यानंतर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, आणि ज्या कपाटांत आपलीच हस्तलिखिते होती तीच फोडली गेली. कीर्तन्यांच्या निबंधाने ग्रँट डफ दुरुस्त झाला. त्या मोडतोडीने कोणत्याही ग्रंथातील एक ओळही दुरुस्त झाली नाही.

घरातले वाद बाहेरच्यापुढे कशाला काढावेत, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक असल्याने त्याचा विचार केला पाहिजे. पण आजचा पाहुणा येण्यापूर्वीच बरेच वाचून आलेला असतो. आपण जे गाळतो ते त्याला आधीच माहीत असते, आणि गाळल्यामुळे आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. शिवाय ज्या देशात इतिहासाविषयी एकच मत बाळगण्याची मुभा असते, त्या देशाचा हेवा करावा असे काही नाही. मतभेद उघडपणे आणि पुराव्याने मांडता येतात, ही आपल्या लोकशाहीची मिळकत आहे, व ती पाहुण्यास अभिमानाने दाखविता येते.

म्हणून जिल्हा प्रशासन, पुरातत्त्व खाते आणि विद्यापीठ यांच्याकडे आमची मागणी स्पष्ट आहे. असईच्या रणभूमीवर दोन्ही बाजूंच्या सैनिकांचा उल्लेख करणारा आणि आकड्यांचा आधार नमूद करणारा फलक मराठी, हिंदी व इंग्रजीत उभारावा. भोकरदनच्या उत्खननातील वस्तूंच्या प्रतिकृती तालुक्याच्या ठिकाणी मांडाव्यात. तालुक्यातील शिक्षकांकडून, प्रत्येक विधानाखाली दाखला देणारी परिचयपुस्तिका लिहवून घ्यावी, आणि अजिंठ्यास येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंचा विचार करून ती जपानी, थाई आणि सिंहली भाषांतही द्यावी. शाळांतील मुलांना १७ आणि २३ सप्टेंबर या दोन्ही दिवशी भाषणांबरोबर एकेक अस्सल कागद वाचून दाखवावा. यास लागणारा खर्च मोठा नाही. लागते ती इच्छा, आणि ती सरकारी हुकमाने येत नाही, लोकांनी मागितल्याने येते. ज्या मुलाला आपल्या गावाचा इतिहास कागद दाखवून सांगता येतो, त्याला परका फसवू शकत नाही आणि घरचा भडकवूही शकत नाही; असा नागरिक घडविणे हेच इतिहासाच्या शिक्षणाचे आणि देशाभिमानाचेही अंतिम प्रयोजन आहे.